सासूबाईंचा उपास आणि माझी भूक

उपास या विषयात मी स्वतःला फार जाणकार समजत असे. कर्वेनगरला होस्टेलवर राहून कॉलेज केलं, आणि त्या काळात एकही चतुर्थी, एकही एकादशी मी चुकू दिली नाही. त्यात भक्ती किती होती हे विचारू नका. मेसमध्ये एरवी मिळणाऱ्या पाणीदार आमटीपुढे उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे चैन होती. दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेलं, वर बटाट्याचा कीस, वाटीभर दही. आमच्या मजल्यावर एक कट्टर नास्तिक मुलगी होती, देवाचं नाव काढलं तरी तिचं डोकं फिरायचं, पण चतुर्थीला तीही आमच्या आधी ताट घेऊन रांगेत उभी असायची. खिचडीवर आडवा हात मारून झाला की दुपारच्या तासाला आम्ही सगळ्या पेंगायचो आणि उपासानं कसं गळून गेल्यासारखं होतं, असं एकमेकींना सांगायचो.

माझं माहेर यवतमाळकडचं. तिथे आई नवरात्रात धान्यफराळ करायची. म्हणजे ज्वारी, तांदूळ, डाळी आधी कढईत खमंग भाजायच्या आणि मग दळायच्या. एकदा भाजलं की ते धान्य उपासाला चालतं, असा आमच्याकडचा नियम. भाजणीचं थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा खाऊन आम्ही देवीची आरती करायचो. थोडक्यात काय, उपासानं माझ्या शरीराला कधी काही झालं नव्हतं, कारण मी कधी उपाशी राहिलेच नव्हते.

मग खराडीत नोकरी लागली. सॉफ्टवेअरची कंपनी, काचेची इमारत, आत इतका गारठा की ऐन मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो. तिथेच नवरा भेटला. तो हडपसरचा, म्हणजे अगदी मूळचा, ज्यांच्या उसाच्या आणि पालेभाज्यांच्या वावरात आता सोसायट्या उभ्या आहेत त्यांच्यातला. लग्नाला दोन्हीकडून थोडी कुरकुर झाली आणि मग दोन्हीकडच्यांनी भरपेट जेवून घेतलं. आम्ही राहायचो ते त्यांच्याच जुन्या शेतावर बांधलेल्या इमारतीत, तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एक करून. सासऱ्यांनी पार्किंगच्या कडेला कढीपत्ता, मिरच्या आणि वांग्याची चार झाडं लावून शेती चालू ठेवली होती. सकाळी ते त्या वांग्यांना पाणी घालायचे आणि गाड्या लावणाऱ्यांवर ओरडायचे.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. बुटक्या, काटक, बोलायला फटकळ. पहिल्या नवरात्रात मी कौतुकानं साबुदाणा भिजत घातला, तर त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. उपास आहे ना तुमचा?"

"साबुदाणा खाऊन करायचा त्यो उपास व्हय? त्यो तर सण झाला."

त्यांचा उपास म्हणजे घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पाणी, सकाळी कपभर दूध आणि संध्याकाळी आरतीनंतर एक केळ. चहा नाही. पायात चप्पल नाही, गादीवर झोपणं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी हे एकदाही सोडलं नव्हतं, बाळंतपणाची वर्षं तेवढी वगळून. आणि हे सगळं करत रोजची सगळी कामं चालूच.

मी त्यांच्याकडे बघत राहायचे. माझा स्वभावच तसा, कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळत होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखायचं आणि त्या कपाळाला घट्ट फडकं बांधायच्या. मग आवाज बारीक व्हायचा, हात गार पडायचे, आणि श्वासाला फार पिकलेल्या फळासारखा वास यायला लागायचा. त्यानंतर मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. डोळे पाणीदार दिसायचे, चालणं हलकं व्हायचं. अष्टमीपर्यंत त्या अशा काही दिसायच्या की गावठाणातल्या बायका येऊन त्यांच्या पाया पडायच्या. माझे सासरे, जे एरवी त्यांना हाकही नीट मारत नसत, तेसुद्धा त्या दिवसांत जरा दबकून असायचे.

मला यातलं देवीचं किती आणि शरीराचं किती, असा प्रश्न पडायचा. मी तो घरात विचारत नसे. भांडण कुठे करायचं आणि कुठे नाही, हे मला चांगलं कळतं.

आमच्या लग्नाला काही वर्षं झाल्यावर एका श्रावणात आईंच्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि ती जखम काही केल्या भरेना. गावठाणात एक डॉक्टर होते, मूळचे पेठेतले, निम्म्या हडपसरला त्यांनी टोचलेलं होतं. त्यांनी रक्त तपासून घेतलं, रिपोर्ट बघितला आणि चष्म्यावरून आईंकडे पाहिलं.

"ऊस विकलात म्हणता, पण साखर सगळी जवळ ठेवलीत की. आता रोज गोळी. गोळी घेतली की पाठोपाठ जेवायचं. गोळी घेऊन बसून राहायचं नाही. कळलं?"

आईंनी मान हलवली. गोळ्या घ्यायला त्यांनी कधी टाळाटाळ केली नाही. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास होता आणि औषधाच्या बाबतीत त्या घड्याळाला लाजवतील अशा नेमाच्या होत्या. जखम भरली. मी निर्धास्त झाले, आणि तेवढ्यात नवरात्र आलं.

"आई, यंदा नको," मी म्हटलं. नवराही म्हणाला. म्हणजे आधी मला म्हणाला, "तू बोल ना तिच्याशी, यू नो, तुझं ऐकते ती," आणि मग मी डोळे मोठे केल्यावर स्वतः बोलला. सासरे वांग्यांना पाणी घालायला निघून गेले.

"मला काय बी झालेलं न्हाई," आई म्हणाल्या. "आन् गोळी घेणारच हाय की मी. औषधानं काय उपास मोडत न्हाई."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे. यवतमाळला माझी आजारी आत्या निर्जळी एकादशीला घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि सगळे म्हणायचे, औषधाला चालतं. फोनवर माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गोळी घेऊन राहिल्या ना त्या? मग काहून एवढी चिंता करतेस?" देवाधर्माच्या घरात हे वाक्य इतकं पक्कं बसलेलं आहे की त्याच्यापुढे डॉक्टरांचं "पाठोपाठ जेवायचं" कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आईंनी घट बसवला, पाण्याबरोबर गोळी घेतली, आणि जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच.

पुढचा दिवस शनिवारचा होता, मला सुट्टी होती. दुपारी आरतीच्या आधी गावठाणातल्या सातआठ बायका आमच्याकडे जमल्या. त्यांची म्होरकी म्हणजे आईंची चुलत जाऊ, दणकट आवाजाची बाई, जिला प्रत्येक घरातली प्रत्येक गोष्ट आधी माहीत असायची. आई घटासमोर बसून झेंडूची माळ ओवत होत्या. मी स्वयंपाकघरात प्रसादाचं बघत होते. बाहेर गाणी चालू होती, ती अचानक थांबली. मग चुलत जाऊबाईंचा आवाज आला, "आली गं बया! आली!"

मी बाहेर आले. आई घटासमोर बसल्या होत्या, पण डोलत होत्या. अंबाडा सुटला होता. कपाळावरून घाम इतका वाहत होता की कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. हात थरथरत होते, हातातली माळ कधीच खाली पडली होती, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललं होतं ज्याला ना शेंडा ना बुडखा. नजर समोर होती, पण कुणाकडेही नव्हती. बायका हात जोडून भोवती बसल्या होत्या. एकीनं त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. दुसरी पायावर डोकं ठेवून विचारत होती, "माय, माझ्या पोरीचं औंदा जमंल का गं?"

आई म्हणाल्या, "पाणी आलंय, मोटर बंद करा."

"कायतरी सांगतीय," चुलत जाऊबाई म्हणाल्या. "पाण्याचं कायतरी हाय."

एक क्षण, फक्त एक क्षण, मीही थबकले. खोटं कशाला बोलू? धुपाचा वास, मंद दिवा, ते मोकळे केस, आणि ज्या बाईला मी सकाळी नळाच्या माणसाशी भांडताना पाहिलं होतं तिचा तो अनोळखी चेहरा. कुणाच्याही अंगावर काटा आला असता. पण मग मी त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा गार आणि ओलाचिंब होता. गोळीबरोबर डॉक्टरांनी दिलेला कागद मी वाचलेला होता, आणि घाम, थरथर, भ्रम हे शब्द मला आठवले.

मी आत पळाले, पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि पेला घेऊन आले. चुलत जाऊबाईंनी माझा हात अडवला.

"अगं ए, अंगात देवी हाय! आन् उपास मोडंल तिचा!"

"साखर उपासाला चालते!" मी ओरडले. "सरका बाजूला!"

मी एरवी त्यांच्याशी अहोजाहो करत, डोक्यावर पदर घेतल्यासारखं बोलायचे. त्या दिवशी मी त्यांना खांद्याला धरून सरकवलं. आईंचं डोकं मांडीवर घेतलं, गिळता येतंय ना ते बघितलं आणि घोट घोट करत पेला रिकामा केला. दुसरा केला. बायका कुजबुजत होत्या. मला कुणाची पर्वा नव्हती. मला फक्त त्या डोळ्यांत ओळख परत यायला हवी होती.

ती आली. थरथर कमी झाली, घाम थांबला. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भोवतीच्या गर्दीकडे पाहिलं आणि खेकसल्या, "काय झालं? एवढ्या काय टपून बसलाय माझ्यावर?"

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हसायलाच लागले. बायकांचा मात्र हिरमोड झाल्यासारखा वाटला.

संध्याकाळी मी आईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "गोळी पोटात साखर शोधत फिरते, आजी. पोटात काही नसलं की रक्तातली होती नव्हती ती ओढून घेते. मेंदूला साखर मिळाली नाही की मेंदू असंच बरळतो. देवीचं म्हणाल, तर तिच्याकडे तुमचा रिपोर्ट पोचलेला दिसत नाही. पोचला असता तर तिनं आधी जेवायला वाढलं असतं." मग मला उद्देशून म्हणाले, "उपास नकोच. अगदीच ऐकत नसतील तर मी गोळी कमी करतो, पण थोड्या थोड्या वेळानं पोटात काहीतरी गेलं पाहिजे. साबुदाणा, बटाटा, केळी नकोत. त्यानं साखर उलटी चढेल. भाजणी असते ना तुमच्याकडे? ती चालेल."

मला भाजणी हा शब्द ऐकून जिंकल्यासारखं झालं. माहेरचा नियम इथे कामाला येणार होता. रिक्षात बसल्याबरोबर मी आईंना धान्यफराळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"भाजलं म्हंजी जोंधळा जोंधळा ऱ्हात न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या.

"देवीला चालतं, आई."

"देवीला समदं चालतं. तिला काय, मला चालत न्हाई."

बाई खरं बोलत होती. इंजिनिअर मी, आणि पळवाटेची वकिली करत होते. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली ती, आणि मुद्दा तिचा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवसापासून आणखी एक घोळ झाला. चुलत जाऊबाईंनी गावठाणभर सांगितलं की अंगात आली होती, आणि सुनेनं साखर पाजून देवीला घालवली. दुपारी आमच्याकडे दुप्पट बायका आल्या. आईंना पाटावर बसवून पाया पडायला लागल्या. मी दाराशी उभी राहून, "तो साखरेचा झटका होता," असं प्रत्येकीला सांगत होते आणि जी ती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होती. आता आईंनी उपास सोडणं म्हणजे देवीला दार दाखवण्यासारखं झालं असतं. आणि आईंनी त्यावर स्वतःच तोडगा काढला. नवरा घरी आणलेल्या छोट्या यंत्रावर त्यांची साखर बघायला गेला तर आकडा वर चढलेला.

"आई, गोळी घेतलीस ना?"

"न्हाई. गोळी उपाशी पोटी घेऊ नगं म्हनले ना डाक्टर? मंग गोळी सोडली."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची भीती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. दसऱ्याला अजून बराच अवकाश होता. गोळी नाही, पोटात अन्न नाही, दुधाकेळ्यावर साखर वर चढतेय, पायात चप्पल नाही आणि अंगठ्याची जखम नुकती कुठे भरलेली. हे असंच चाललं तर दसऱ्याला आपण त्यांना दवाखान्यात सोनं द्यायला जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी म्हटलं, "आई, उपास मला द्या. मी धरते. तुम्ही जेवा."

असं देता येतं, हे मला माहीत होतं. उपास घराण्याचा असतो, तो सासूनं सुनेला द्यायचा असतो, एरवी त्या स्वतःच सांगायच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला झेपायचा न्हाई."

"बघू."

"धर की मंग. पर मी माझा सोडत न्हाई."

मी धरला. त्यांच्यासारखाच, पाणी, दूध आणि केळ. आता उपासानं शरीराला काय होतं ते मी अधिकारानं सांगू शकते. पहिल्या दिवशी भुकेपेक्षा चहानं छळलं. दुपारपर्यंत डोक्यात कुणीतरी खलबत्ता कुटत होतं. दुसऱ्या दिवशी पित्त उसळलं, तोंड कडू झालं, आणि नाक इतकं तीक्ष्ण झालं की तीन टेबलं पलीकडच्या डब्यातल्या पालकात लसूण किती आहे हे मला जागेवरून कळत होतं. ऑफिसातल्या एसीनं बोटं निळी पडल्यासारखी वाटायची. रागाचं तर विचारूच नका. एका सहकाऱ्यानं, "डाएटिंग का?" असं विचारलं, त्याला मी जे उत्तर दिलं ते तो अजून विसरला नसेल. खुर्चीतून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून मी टेबलाला धरून हळू उठायला शिकले.

आणि मग ते सगळं ओसरलं. भूक एखाद्या कंटाळलेल्या पाहुण्यासारखी उठून गेली. डोकं स्वच्छ, अंग हलकं, मुंढव्याच्या पुलावरच्या गर्दीत स्कूटर चालवताना कशाचाच त्रास होईना. डॉक्टर म्हणतात, साठवलेली साखर संपली की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून अशी हुशारी वाटते. असेल. मला ते आवडलं, एवढं खरं. आपण खात नाही आणि तरी चालतंय, याची एक नशा असते. मी लोकांना जेवताना पाहायचे आणि मनातल्या मनात त्यांच्यापेक्षा उंच व्हायचे. आईंच्या चेहऱ्यावरचं ते तेज आतून कसं लागतं, ते मला कळलं. ते सोडा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते.

तशातच एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. पाय सुजलेले, गोळी अजून बंदच. मी पाणी पिऊन त्यांच्याशेजारी बसकण मारली. दोघी उपाशी, दोघी दमलेल्या. बाहेर सासरे टीव्ही बघत होते. दोन उपाशी बायका शेजारी बसल्या की सासूसुनेपणा जरा सैल होतो.

"झेपला की तुला," त्या म्हणाल्या.

"आई, खरं सांगा. देवीची भीती वाटते का तुम्हाला? म्हणून सोडत नाही?"

"देवीचं कशाला भ्या वाटंल? आई हाय ती."

मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"मी लगीन होऊन आले तवा घरात लई माणसं. गडी जेवायचे, मंग पोरं, मंग सासू, नणंदा. समद्यात शेवटी मी. टोपल्यात हात घातला तर कधी भाकर असायची, कधी नसायची. नसली तर पाणी प्यायचं न् शेतात जायचं. कुणी म्हनलं न्हाई, पोरी जेवलीस का. वरीसभर न्हाई." त्यांनी पाय जवळ ओढले. "मंग नवरात आलं. सासूनं उपास धरायला लावला. तर समदे इचाराया लागले. दूध घेतलंस का? केळ खाल्लंस का? सासरा सवता दूध घिऊन आला. मला वाटलं, अगं बया, आपल्याला बी कुणी इचारतंय." त्या हसल्या. "वरीसभर उपाशी ऱ्हायले ते कुणाला दिसलं न्हाई. ह्ये नऊ दिस तेवढं दिसतंय. त्ये बी तू घ्यायाला निघालीस."

मला सगळ्यांचा राग आला, त्या टोपल्याचा, त्या सासूचा, बाहेर टीव्ही बघणाऱ्या माणसाचा. आणि आजही आमच्या घरात आई सगळ्यांत शेवटी जेवतात, नवरा, सासरे आणि खराडीहून दमून येणारी मी, तिघं जेवल्यावर, हेही त्याच क्षणी ध्यानात आलं. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

मी उठले. माहेरून आलेला भाजणीचा डबा फळीवर होता. पीठ मळलं, थालीपीठ लावलं, तव्यावर झाकण ठेवलं. आई बघत होत्या, नको म्हणाल्या नाहीत. वास सुटला तसे सासरे दारात आले आणि पाटाकडे वळले. "वाढलं का?"

"बाबा, आधी आई. आज आणि उद्याही. रोजच. तुम्ही थांबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. काय समजले कोण जाणे, पण ते दाराशीच स्टुलावर बसले आणि थांबले.

मी ताट आईंपुढे ठेवलं, शेजारी कमी केलेली गोळी आणि पाणी. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग देवघरातून चिमूटभर कुंकू आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या. मी ऑफिसच्या कुडत्यात होते, पदर नव्हता, म्हणून ओढणी पुढे केली. त्यांनी त्यात तांदूळ टाकले, कपाळाला कुंकू लावलं. "घे. आता तुझा."

मग त्या परत बसल्या, गोळी घेतली, थालीपीठाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चावताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या खात राहिल्या. अर्धं संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि मला ओढणी सावरत उभं असलेलं पाहिलं.

"आन् तू गं?" त्या म्हणाल्या. "सकाळधरनं पोटात काय गेलं का तुझ्या? दूध घेतलंस का?"

गेले दोन दिवस मला भूक म्हणून लागली नव्हती. त्यांनी विचारलं, आणि मला कडकडून भूक लागली.